कावीळ, असे लिहिले आहे

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत 1986 सालची मृत्यू नोंदवही अजून शाबूत आहे. कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत, पण अक्षर वाचता येते. त्यात मोठ्या बाबांची ओळ आहे. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. काका हा शब्द आमच्याकडे धाकट्या भावासाठी राखलेला असतो. वय 62, धंदा शेती, मृत्यूचे कारण : कावीळ.

त्यांच्या थोरल्या मुलाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, आम्ही दादा म्हणत असू. दादा 2019 मध्ये गेला, 67 व्या वर्षी. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी डॉक्टरांनी भरलेल्या नमुन्यात ओळीखाली ओळ लिहून कारण नोंदवलेले होते आणि सर्वांत खालच्या, मूळ कारणाच्या ओळीत स्वादुपिंडाचा कर्करोग असे होते.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. त्यामुळे दु:खाच्या दिवसांतही डोके नको तिकडे गेले. आमच्या घराण्यात 1986 मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे मृत्यू शून्य, 2019 मध्ये एक. कागदावर पाहणारा म्हणेल, प्रमाण वाढले. पण खरेच वाढले का? की तोच आजार दोनदा घरात आला आणि एकदाच त्याचे नाव लिहिले गेले?

हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. जगाच्या नकाशावर या कर्करोगाच्या मृत्युदराचे रंग भरले जातात, त्या प्रत्येक रंगामागे तो आहे. आणि वर्धा जिल्हा हा प्रश्न विचारायला बरी जागा आहे, कारण इथे माणसे मोजण्याचे काम निदान चालू तरी आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवे पडलेले असते. लांबी सुमारे 15 सेंटिमीटर. डॉक्टरांचा हात तिथे पोचत नाही आणि सोनोग्राफीत आतड्यातला वायू आडवा आला की तेही धुक्यात जाते. त्याचे डोके, धड आणि शेपूट असे भाग मानतात. गाठ डोक्याच्या भागात झाली, आणि बहुसंख्य गाठी तिथेच होतात, तर ती शेजारून जाणारी पित्तनलिका दाबते. पित्त तुंबते, माणूस पिवळा होतो, लघवी गडद होते, शौचाला पांढरट होते, अंगाला खाज सुटते. ताप नसतो, सुरुवातीला पोटही फारसे दुखत नाही. गाठ धडात किंवा शेपटीत असली तर कावीळही होत नाही. नुसते वजन उतरते, पाठ दुखते. काही जणांत याच्या आधी वर्ष-दोन वर्षे अचानक मधुमेह उपटतो. मधुमेह झालेल्या लाखो माणसांतून असा एखादा वेगळा काढायचा कसा, हे अजून नीट साधलेले नाही. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी साधारण शंभरात एकाला पुढच्या तीन वर्षांत हा कर्करोग निघतो, असे अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले होते. बाकी नव्व्याण्णवांना साधाच मधुमेह असतो.

निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया करता येईल असे रुग्ण शंभरात पंधरा-वीस. अमेरिकेसारख्या देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण आता कुठे 13 टक्क्यांवर आले आहे. 2022 साली जगात या कर्करोगाचे सुमारे 5 लाख 11 हजार नवे रुग्ण आणि सुमारे 4 लाख 67 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. म्हणजे एका वर्षात शंभर नव्या रुग्णांमागे एक्याण्णव मृत्यू. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात असे नसते. तिथे रुग्ण किती आणि मृत्यू किती यांच्यात मोठे अंतर असते, आणि ते अंतर उपचार किती चांगले यावर ठरते. एका जिल्ह्यात स्तनाच्या कर्करोगाने जास्त बायका मेल्या, तर दोष आजाराच्या प्रमाणाचा की उपचाराचा, हे आधी सोडवावे लागते. स्वादुपिंडाच्या बाबतीत ही गुंतागुंत जवळपास नाही. ज्याला झाला तो बहुतेक करून जातोच, मुंबईत असो की आर्वीत. म्हणून दोन प्रदेशांतल्या मृत्युदरात फरक दिसला तर त्याची कारणे दोनच उरतात : एक तर तिथे हा आजार खरोखर कमी-जास्त होतो, किंवा तिथे तो कमी-जास्त दिसतो. उपचाराचा पडदा मध्ये नसल्यामुळे हा कर्करोग प्रदेशांच्या तुलनेसाठी, क्रूर वाटेल, पण सोयीचा आहे.

आता नकाशा पाहू. वयाचा फरक काढून टाकल्यावर जगाचा सरासरी मृत्युदर 2020 मध्ये लाखाला सुमारे साडेचार होता. युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया हे पट्टे गडद. हंगेरी, लॅटव्हिया, उरुग्वे यांसारखे देश वरच्या टोकाला. श्रीमंत देशांतला दर गरीब देशांच्या चार ते पाच पट. भारत फिक्या रंगात, लाखाला एकाच्या आसपास. आपल्याकडच्या जुन्या नोंदी एकत्र करून 1999 मध्ये जो आढावा मांडला गेला त्यात भारतातल्या पुरुषांत या कर्करोगाचे प्रमाण लाखाला 0.5 ते 2.4 आणि स्त्रियांत 0.2 ते 1.8 असे आले होते. देशाच्या आतच पाच-नऊ पट फरक! आणि अधिक प्रमाण कुठे, तर पश्चिम आणि उत्तर भारतातल्या शहरी पुरुषांत.

शहरी. हा शब्द मी तेव्हा दोनदा वाचला.

भारतात कर्करोगाच्या नोंदणीची सुरुवात मुंबईत झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये, डॉ. दा. ज. जस्सावाला यांच्या पुढाकाराने, शहरातल्या प्रत्येक कर्करोग रुग्णाची नोंद ठेवायला घेतली. 1981 च्या डिसेंबरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम उभा केला. तोवर सगळी मोजणी शहरांची होती. खेड्यांची पहिली नोंदणी 1987 मध्ये बार्शीला सुरू झाली, मोठे बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी. आणि वर्धा जिल्ह्याची नोंदणी 2010 पासून, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत.

नोंदणी म्हणजे रुग्णालयाचे रजिस्टर नव्हे. रुग्णालय आपल्याकडे आलेल्यांना मोजते. लोकसंख्याधिष्ठित नोंदणी एका भूभागात राहणाऱ्यांना मोजते, ते कुठेही गेले तरी. भारतात देशपातळीवर कर्करोग हा सक्तीने कळवायचा आजार नाही. तेव्हा नोंदणीच्या कर्मचाऱ्यांनी स्वत: फिरायचे. वर्ध्यातला रुग्ण सेवाग्रामला जाईल, सावंगीला जाईल, जिल्हा रुग्णालयात जाईल. पुष्कळदा तो सरळ नागपूर गाठतो, थोडे मुंबईला टाटा रुग्णालयात जातात. या सर्व ठिकाणच्या पॅथॉलॉजीच्या, क्ष-किरण विभागाच्या, केसपेपरांच्या गठ्ठ्यांतून वर्धा जिल्ह्याचा पत्ता असलेली माणसे वेचायची. पत्ता खरा आहे ना, माणूस किमान एक वर्ष जिल्ह्यात राहत होता ना, हे पाहायचे. एकच माणूस तीन रुग्णालयांत तीन स्पेलिंगांनी आला असेल तर त्याला एक करायचे. मग ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या मृत्यू नोंदवह्या चाळून, त्यातले कोण गेले ते जुळवायचे. आमच्या विदर्भात एका गावात एकाच आडनावाची चाळीस घरे असतात. हे काम ज्यांनी केले आहे त्यांच्याविषयी मला संशोधन-निबंधांत फार ओळी सापडल्या नाहीत. त्या असायला हव्या होत्या.

इतके करून हाती काय येते? 2011 च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 13,00,774 होती. लाखाला एक हा देशाचा ढोबळ दर धरला तर जिल्ह्यात वर्षाला या कर्करोगाचे तेरा मृत्यू अपेक्षित. आठ तालुक्यांत तेरा. एखाद्या तालुक्यात दोन, एखाद्यात एकही नाही. आता संख्याशास्त्राचा एक साधा नियम सांगतो, वर्गात मी तो दरवर्षी सांगत असे. अशा विरळ घटनांची अपेक्षित संख्या तेरा असेल, तर काहीही न बदलता, निव्वळ योगायोगाने, एखाद्या वर्षी त्या सहा होतील आणि एखाद्या वर्षी वीस. म्हणजे वर्तमानपत्रात ‘जिल्ह्यात प्रमाण तिप्पट’ असा मथळा छापता येईल इतकी उसळी, आणि तिच्यामागे काही नाही. जिल्ह्याचा कल सांगायचा तर दहा-बारा वर्षांच्या नोंदी एकत्र ठेवाव्या लागतात, आणि तालुक्याचा कल तर सांगूच नये. पुढाऱ्यांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही हे पटत नाही. आपल्या गावात ‘आजकाल फार वाढलाय’ हे प्रत्येकाला छातीठोकपणे माहीत असते.

वयाचीही एक गोष्ट करायची असते. हा म्हातारपणाचा आजार. जिथे म्हातारे जास्त तिथे मृत्यू जास्त. म्हणून तुलनेआधी प्रत्येक प्रदेशाला एकाच कल्पित लोकसंख्येचे वयोमान चढवतात. त्यासाठी सेगी यांनी 1960 मध्ये मांडलेली आणि डॉल यांनी 1966 मध्ये सुधारलेली ‘जागतिक लोकसंख्या’ अजून वापरतात. ती खऱ्या कोणत्याच देशाची नाही. मापाच्या डब्यासारखी ती आहे; डबा खोटा असला तरी सगळ्यांचे धान्य एकाच डब्याने मोजले की झाले.

एवढे करूनही भारतातल्या नोंदण्यांत जो फरक उरतो तो डोळे विस्फारणारा आहे. सर्व अवयवांचे कर्करोग धरले तर 2012 ते 2016 च्या अहवालात पुरुषांचा वय-समायोजित दर मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात लाखाला 269.4, दिल्लीत 147, आणि आपल्या मराठवाड्यात, बीड व उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांच्या नोंदणीत, 39.5. जवळजवळ सातपट अंतर. वर्धा ग्रामीण नोंदण्यांच्या खालच्या गटात बसते, शहरांपेक्षा बरेच खाली.

मग खेड्यातली माणसे सुखी आहेत काय?

इथे एका निराळ्या अभ्यासाची साक्ष काढावी लागते. महानिबंधकांच्या नमुना नोंदणीतल्या घरांमध्ये 2001 ते 2003 या काळात झालेल्या मृत्यूंचा मागोवा डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. डॉक्टर नसलेले पण शिकवून तयार केलेले कर्मचारी घरोघर गेले. शेवटच्या दिवसांत काय झाले, ताप होता का, गाठ होती का, वजन उतरले का, हे घरच्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत लिहून आणले. दोन डॉक्टरांनी ते स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवले. याला मौखिक शवचिकित्सा म्हणतात. 1,22,429 मृत्यूंपैकी 7,137 कर्करोगाचे निघाले. टाटा स्मारकाचे डॉ. राजेश दीक्षित आणि इतरांनी 2012 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे आकडे मांडले. 30 ते 69 वयोगटात कर्करोगाचा मृत्युदर खेड्यातल्या पुरुषांत लाखाला 95.6, शहरातल्या पुरुषांत 102.4. स्त्रियांत खेड्यात 96.6, शहरात 91.2.

म्हणजे घरी जाऊन विचारले तर खेडे आणि शहर जवळपास सारखे. रुग्णालयांचे कागद वेचले तर खेडे शहराच्या निम्म्यावर. दोन्ही आकडे प्रामाणिक माणसांनी काढलेले. या दोहोंमधल्या फटीत जे लोक आहेत त्यांचे काही भागात असे होत असेल की आजार उशिरा कळला, उपचार मिळाले नाहीत, म्हणून कमी रुग्ण असूनही तितकेच मृत्यू. पण स्वादुपिंडापुरते हे स्पष्टीकरण चालत नाही, कारण तिथे लवकर कळून तरी कितीसे वाचतात! त्या फटीत पडलेली स्वादुपिंडाची माणसे म्हणजे ज्यांच्या आजाराला नावच मिळाले नाही ती.

मौखिक शवचिकित्सेची मर्यादाही सांगितली पाहिजे. कर्करोग होता एवढे ती बऱ्यापैकी सांगते. पोटातला नेमका कुठला अवयव, हे सांगताना अडखळते. यकृत, पित्ताशय, पित्तनलिका, स्वादुपिंड हे चौघे शेजारी आहेत आणि चौघांचे दार एकच : कावीळ.

तरी मी ती केली. आमची आत्या 89 वर्षांची आहे, मोठ्या बाबांची धाकटी बहीण, त्या शेवटच्या महिन्यांत माहेरी येऊन राहिलेली. मागच्या उन्हाळ्यात तिच्या खाटेपाशी वही घेऊन बसलो.

“आत्या, मोठ्या बाबांना ताप होता का?”

“ताप नोयता रे. आंग खाजवे त्याचं, रातभर. वयनी निंबाच्या पाल्यानं पुसे.”

“पोट दुखायचं?”

“पोट नाई. पाठीत दुखे म्हने. शेवटी शेवटी बसूनच झोपे, वाकून.”

“शौचाला कसं होत होतं, काही आठवतं?”

“पांढरी मातीवानी. वयनीनं दाखवली होती मले.”

मग मी विचारले, त्याआधी वर्षभरात काही वेगळे? ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर म्हणाली, “मोरीत मुंग्याईची रांग लागे. तो जाऊन आला की मुंग्या. आमी हासो, म्हनो, गूळ लय खाते हा.”

वाकून बसल्यावर पाठदुखीला उतार, ताप नाही, खाज, पांढरा मळ, आधी लघवीत साखर. मी डॉक्टर नाही. पण ज्या दोन डॉक्टरांना मी हे कोरे करून, नाव न सांगता वाचायला दिले त्या दोघांनीही एकच शब्द लिहिला, आणि तो कावीळ नव्हता.

1986 साली घरात वेगळे काय झाले असते? काविळीची माळ डोक्यावर घातली होती. ती रोज थोडी लांबत जाते, छातीपर्यंत आली की कावीळ उतरली असे मानायचे. चुन्याच्या निवळीने हात धुतले की पाणी पिवळे पडे, सगळे समाधानाने मान हलवत. गावच्या जाणत्याने मुळी उगाळून ताकातून दिली. “उतरन आठ दिवसात,” तो म्हणाला होता. त्याची चूक म्हणवत नाही. तेव्हा चांगल्या रुग्णालयात नेऊनही बहुधा शेवट तोच झाला असता. फरक पडला असता तो फक्त नोंदवहीतल्या एका शब्दात.

एवढ्यावरून सगळा फरक डोळ्यांचाच आहे, आजाराचा नाही, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. बार्शीच्या नोंदणीने सुरुवातीपासून गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून, संशयित रुग्णांना तपासायला आणून मोजणी केली. तरी तिथले कर्करोगाचे एकूण दर दशकानुदशके कमीच राहिले. इतका शोध घेऊनही जे कमी दिसते ते काही अंशी खरोखरच कमी असले पाहिजे. आणि प्रदेशांचे फरक खरे असू शकतात याचा पुरावा स्वादुपिंडाच्या शेजारीच आहे. पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात आणि पुढे आसामपर्यंत भरपूर. दक्षिणेत आणि आपल्याकडे थोडा. तिथली सोनोग्राफी यंत्रे आपल्यापेक्षा चांगली आहेत म्हणून नव्हे.

स्वादुपिंडाला कशाने बाधते ते बऱ्यापैकी माहीत आहे. धूम्रपानाने धोका साधारण दुप्पट होतो. लठ्ठपणा, जुना मधुमेह, स्वादुपिंडाची दीर्घकाळची सूज, अति मद्यपान ही बाकीची. केरळमध्ये तरुण, कुपोषित माणसांत स्वादुपिंडात खडे होण्याचा एक आजार आढळे, डॉ. पी. जे. गीवर्गीज यांनी 1960 च्या दशकात त्याचे शेकडो रुग्ण नोंदवले. टॅपिओका खाण्यावर तेव्हा संशय होता, पुढे तो मागे पडून जनुकांकडे वळला. असे खडे असलेल्यांत कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी जास्त निघाला. फिक्या रंगाच्या देशातही असा एखादा गडद ठिपका असू शकतो, आणि सरासरीत तो बुडून जातो.

आमच्याकडे विडी-सिगारेट तुलनेने थोडी. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के आणि तोंडाने तंबाखू खाणारे 24.4 टक्के होते. हंगेरीसारखे गडद देश आणि वर्धा यांच्यातला एक खरा फरक इथे असेल. पण विदर्भात खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून देतात; गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली तेव्हा खर्ऱ्याचे काही बिघडले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने धूरविरहित तंबाखू स्वादुपिंडालाही कर्करोग करते असा निर्वाळा 2007 मध्ये दिला. त्यामागचे अभ्यास मुख्यत: स्कँडिनेव्हिया आणि अमेरिकेतले, पुढच्या काही मोठ्या अभ्यासांत तो संबंध फिका निघाला. खर्रा आणि स्वादुपिंड यांचे नाते वर्ध्यातच तपासायला हवे. अडचण अशी की खर्ऱ्याचा माणूस आधी तोंडाच्या कर्करोगाने सापडतो. जिल्ह्याच्या नोंदणीत पुरुषांत तोंडाचा कर्करोग अग्रभागी आहे. तो तोंड उघडले की दिसतो, आरशातसुद्धा. स्वादुपिंडाला आरसा म्हणजे सीटी स्कॅन.

म्हणूनच कलाविषयी बोलताना मी सावध असतो. 1990 मध्ये जगात या कर्करोगाने सुमारे 1 लाख 96 हजार माणसे गेली, 2017 मध्ये 4 लाख 41 हजार, असा एका जागतिक अभ्यासाचा हिशोब आहे. यात माणसे वाढल्याचा वाटा आहे आणि ती म्हातारी होईपर्यंत जगू लागल्याचा. भारतात 1970-75 मध्ये सरासरी आयुर्मान 49.7 वर्षे होते; 2014-18 मध्ये 69.4. या आजाराला ज्या वयाची माणसे लागतात त्या वयाला पोचणारेच आता निर्माण झाले आहेत. वर्ध्यात आकडा वाढत गेला तर त्यात आणखी दोन प्रवाह मिसळतील. एक खरा : वजने वाढली, मधुमेह खेड्यात आला, कास्तकाराच्या घरी बैलजोडीच्या जागी मोटारसायकल उभी राहिली. दुसरा उजेडाचा : सीटी स्कॅन जवळ आले, 2013 पासून राज्यभर लागू झालेल्या आरोग्य योजनेमुळे गरिबाच्याही हाती तपासणीचे कागद येऊ लागले, नोंदणीचे कर्मचारी ते कागद वेचू लागले. या दुसऱ्या कारणाने मृत्युदर वाढला तर ती चांगली बातमी आहे. विचित्र वाटते, पण आहे. दादाचा मृत्यू मोजला गेला यात काही बिघडलेले नाही.

एक साधी कसोटी मला सुचते आणि ती कोणालाही लावता येईल. एखाद्या नोंदणीत वर्षभरात या कर्करोगाचे शंभर रुग्ण आणि फक्त पन्नास मृत्यू दिसले, तर त्या जिल्ह्यात चमत्कार झाला नाही. पन्नास मृत्यू नोंदणीला सापडले नाहीत एवढाच अर्थ. माणूस गावी परतला, घरी गेला, ग्रामसेवकाने ‘वार्धक्य’ किंवा ‘हृदय बंद पडून’ लिहिले. देशात 2020 साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी 22.5 टक्क्यांनाच डॉक्टरी कारण जोडलेले होते. उरलेल्यांत कावीळ आहे, पोटदुखी आहे, अशक्तपणा आहे. डॉक्टरी दाखलाही नेहमी उपयोगाचा असतो असे नाही. त्या नमुन्यात पहिली ओळ तात्कालिक कारणाची, आणि तिच्याखाली ते कशामुळे, ते कशामुळे, असे उतरत मूळ कारणापर्यंत जायचे असते. घाईत पहिल्याच ओळीत हृदय व श्वसन थांबले असे लिहून मोकळे होतात. हृदय आणि श्वास थांबल्याशिवाय कोण मेले आहे? दादाच्या दाखल्यावर एका तरुण निवासी डॉक्टरने, रात्रपाळीत, सगळ्या ओळी नीट भरल्या. मला तिचे आभार मानायचे राहून गेले.

ती खालची ओळ पुढे कामाला आली. दादाची मुलगी पुण्यात असते, 45 वर्षांची. तिला जनुकतज्ज्ञांनी विचारले, घरात आणखी कोणाला होता का? हा कर्करोग बहुतेक वेळा घराण्यात चालत येत नाही, पण दहातल्या एखाद्या रुग्णामागे तसे सूत्र असते. एकट्या वडिलांना झाला असेल तर सहसा नियमित तपासण्या सुचवत नाहीत. वडिलांना आणि त्यांच्याही वडिलांना झाला असेल, तर पन्नाशीपासून दरवर्षी एमआरआय किंवा दुर्बिणीतून सोनोग्राफी करावी की नाही याचा विचार करतात. म्हणजे मोठ्या बाबांना काय झाले होते यावर आता त्यांच्या नातीची तपासणी ठरणार होती. तिने मला फोन केला, कारण जुने कागद माझ्याकडे असतात अशी घरात समजूत आहे.

मी तिला नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला, आणि आत्याशी झालेले बोलणे शब्दश: टाइप करून, मुंग्यांसकट. तिच्या डॉक्टरांनी ते दोनदा वाचले म्हणे. वंशावळीच्या तक्त्यात आजोबांच्या चौकोनात आधी प्रश्नचिन्ह होते. त्यांनी ते खोडून लिहिले, ‘संभाव्य’. रक्ताच्या जनुकीय चाचणीचा निकाल यायचा आहे. दिवाळीला ती गावी येणार आहे, आत्याला भेटायला. आणखी काही आठवते का, ते स्वत: विचारणार आहे.